कमरेला परवान्याचं पिस्तूल बाळगणाऱ्यांना एका सराफाचं पत्र

प्रति,
आमच्या आणि शेजारपाजारच्या जिल्ह्यांतले सर्व शस्त्र परवानाधारक

बंधूंनो आणि भगिनींनो,

राम राम.

दसरा आठ दिवसांवर आला. गेल्या दसऱ्याला दुपारपर्यंत माझ्या मोबाईलवर अकरा फोटो येऊन पडले होते. पाटावर लाल कापड, झेंडूची माळ, आपट्याची पानं आणि मधोमध पिस्तूल. एकाने नळीच्या तोंडात फूल खोचलं होतं. एका फोटोत मॅगझिन चढवलेलंच होतं आणि पाटाच्या कडेला चार वर्षांचं पोर हात टेकून बसलं होतं. खाली वाघाची चित्रं आणि ‘नाद नाही करायचा’ वगैरे. ज्याच्या घरचा तो फोटो, त्याला मी फोन केला. तो म्हणाला, “काका, सेफ्टी लावलेली आहे.” त्याला जे उत्तर द्यायला हवं होतं ते तेव्हा सुचलं नाही. ते या पत्रात लिहितोय, म्हणून पत्र लांबणार आहे.

पूजेला माझा विरोध नाही. आम्ही सराफ. दसऱ्याला पेढीवर तराजू, कसोटीचा दगड आणि वह्या मांडून पूजा होते, आणि परवाना मिळाला त्या वर्षी मीही हौसेने पिस्तूल मांडलं होतं. ओलं कुंकू आणि अक्षता स्लाइडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, फटीत गेल्या. दात घासायच्या ब्रशने मी तीन दिवस ते काढत बसलो आणि तरी गंजाचा एक ठिपका धरलाच. तो अजून आहे. तेव्हापासून पिस्तूल कपाटात राहतं आणि कुंकवाचं बोट कपाटाच्या दाराला लागतं. देवाला चालतं.

मी कोण, ते थोडक्यात सांगतो. नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. तालुक्याच्या गावात आमची दोन पिढ्यांची पेढी आहे. 2008 च्या दिवाळीआधी वडील रात्री पेढी बंद करून घरी येत होते. कोणीतरी म्हणालं, “बाबा, तुमच्या नोटा पडल्या,” आणि खाली खरंच दहा-दहाच्या चार नोटा पडलेल्या. ते वाकले, डोळ्यांत मिरचीपूड गेली आणि खांद्यावर गज बसला. पिशवी गेली. वडिलांचा उजवा हात त्यानंतर कधी खांद्याच्या वर गेला नाही. त्यांना टोपी घालायला आई मदत करायची. मी परवान्यासाठी अर्ज केला. चारित्र्य पडताळणी, पोलिसांचा अहवाल, कलेक्टर कचेरीतल्या फेऱ्या, असं करत 2009 मध्ये परवाना हातात पडला आणि मी .32 चं पिस्तूल घेतलं. त्याला आता सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत मी ते एकदाही कुणावर झाडलेलं नाही. एकदा भलतीकडेच झाडलंय, त्याचं पुढे सांगतो.

आधी दिसण्याचं बोलू, कारण आपल्या भागात खरा रोग तोच आहे. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला आणि सगळ्या राज्याची नजर बीडकडे वळली. त्या माणसाला गोळी घातलेली नव्हती, हाल करून मारलं होतं. पण त्या निमित्ताने बाहेर आलं की त्या एका जिल्ह्यात बाराशेच्या वर शस्त्र परवाने होते. मग हवेत गोळ्या झाडतानाचे व्हिडिओ निघाले, शर्ट वर करून कमरेचं दाखवणारे फोटो निघाले, आणि प्रशासनाने शंभराच्या वर परवाने रद्द केले. त्या यादीत ज्यांना खरंच गरज होती असेही असतील. पेट्रोल पंपाची रोकड नेणारे, शेतवस्तीवर एकटं राहणारे, खंडणीचे फोन आलेले डॉक्टर. मिरवणाऱ्यांच्या पापात त्यांचीही फाईल अडकते. पुढे एखादा गरजू अर्ज घेऊन गेला की साहेब त्याच्याकडे संशयानेच बघणार.

शस्त्र नियम 2016 मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं तर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकून, आणि आपल्या ताब्यात राहील असं. ते नाचवायला, परजायला मनाई आहे. लग्नात, मिरवणुकीत, देवळापुढे आनंदाने बार काढणाऱ्यांसाठी शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीत वेगळं कलमच घातलंय. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत झाडलेली गोळी ढगात राहत नाही, कुणाच्या तरी पत्र्यावर किंवा डोक्यावर येते, हे सांगायला खरं तर कायदा लागू नये.

पण कायदा बाजूला ठेवा आणि चोराच्या बाजूने विचार करा. तुमच्याकडे पिस्तूल आहे हे त्याला ठाऊक नसेल, तर तो समोरून येईल, कोयता दाखवेल आणि पिशवी मागेल. तुम्हाला दोन-चार क्षण मिळतील. तुमचं पिस्तूल त्याने मोबाईलवर पाहिलेलं असेल, तर तो मागून येईल. पहिला घाव डोक्यात घालेल आणि पिशवीबरोबर पिस्तूलही नेईल, कारण बाजारात पिशवीतल्या पैंजणांपेक्षा त्याला जास्त भाव आहे. गावठी कट्ट्याच्या काळ्या बाजारात कारखान्याचं चांगलं पिस्तूल मिळतंय म्हटल्यावर तुमच्या मागे लागायला आणखी एक कारण मिळालं. पेढीवरच्या गुमास्त्यालासुद्धा पहिली दहा वर्षं माझ्या सदऱ्याखाली काय आहे ते माहीत नव्हतं. त्याला वाटायचं, मालकाला कंबरदुखीचा पट्टा आहे.

कमरेत नुसतं खोचणाऱ्यांनाही एक विचारायचंय. पँट आणि बनियन यांच्यामध्ये उघडा ट्रिगर, वर बसता-उठताना सरकणारं पोट, आणि तो नेम कुठे धरलेला असतो याचा कधी विचार केलाय का? होल्स्टरला दोन-तीन हजार रुपये घालायला आपल्याला जड जातात. पिस्तुलाला लाखाच्या वर मोजलेले असतात.

आता 2019 ची रात्र सांगतो. ती मला सगळ्यात जास्त शिकवून गेली, आणि गावात माझी सगळ्यात जास्त टिंगलही तिच्यामुळेच झाली.

दिवाळीला दहा-बारा दिवस होते. पाऊस नुकताच उघडला होता, गल्लीत चिखल होता. रात्री पावणेनऊच्या सुमाराला शटर अर्धं खाली ओढलं आणि मी न् गुमास्ता बाहेर आलो. बॅग त्याच्या हातात. सोनं तिजोरीत होतं. बॅगेत रोकड होती, चांदीची पैंजणं, जोडवी, आणि एका गिऱ्हाइकाची मोड. समोरून मोटारसायकल आली, मागचा उतरला, त्याच्या हातात कोयता. पाच-सहा पावलांवर उभा राहून तो काय बोलला ते मला आजही आठवत नाही. कान बंद झाले होते. माझा हात मात्र आपोआप सदऱ्याखाली गेला, होल्स्टरचं बटण निघालं आणि मूठ हातात बसली. शेकडो वेळा रिकाम्या पिस्तुलावर गिरवलेलं होतं ते.

आणि मला त्या माणसाच्या मागे पाणीपुरीचा गाडा दिसला. गॅसबत्तीचा उजेड, तीन बाया, आणि पिवळा फ्रॉक घातलेली एक पोरगी. द्रोण तोंडाशी नेऊन ती थांबली होती आणि आमच्याकडेच बघत होती. कोयतेवाला, त्याचा खांदा आणि ती पोरगी एका रेषेत होते.

मी हात तसाच ठेवला. गुमास्त्याला ओरडलो, “टाक!” त्याने बॅग जोरात उजवीकडे गटाराच्या बाजूला फेकली. कोयतेवाला तिकडे वळला. तेवढ्यात मी गुमास्त्याचं मनगट धरून त्याला शटरखालून आत ओढलं आणि शटर खाली आपटलं. बाहेर मोटारसायकलचा आवाज गेला. आम्ही दोघं आत अंधारात काउंटरला टेकून बसलो होतो, आणि माझा हात तेव्हाही सदऱ्याखालीच होता. बोटं सोडवायला मला दुसरा हात लावावा लागला.

दुसऱ्या दिवशी पेठेत सुरू झालं. “एवढं मोठं बाळगता, मग वापरलं का नाही?” “ते काय शोकेसमध्ये ठेवायला घेतलंय का?” एकाने तर बांगड्या भरण्याचंही सुचवलं. आम्हा सराफांना बांगड्यांचं काय भय घालता? चोर आठ महिन्यांनी दुसऱ्याच गुन्ह्यात सापडले, निम्मा माल परत मिळाला, आणि उरलेल्यातलं बरंचसं ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसीने भरून दिलं. त्या रात्री पिस्तुलापेक्षा विम्याचा कागद कामाला आला असं मी म्हणतो, तेव्हा पोरं हसतात.

पुढे मी आमच्या वकिलांना नीट विचारलं, त्या रात्री गोळी घातली असती तर काय झालं असतं? त्यांनी जे सांगितलं ते इथे मांडतो, कारण आपल्यातल्या फार जणांना यातलं काहीच ठाऊक नसतं. खासगी संरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेच्या 96 ते 106 या कलमांत होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांत आहे. मजकूर बराचसा तोच. समोरच्याच्या हल्ल्याने मृत्यू किंवा गंभीर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल, तर त्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क जातो. कोयता घेऊन पाच पावलांवर उभा असलेला माणूस यात बसतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हा हक्क मिळतच नाही. जबरी चोरीत मालमत्तेचा बचाव करण्याचा हक्क तात्काळ मृत्यूची, इजेची किंवा अडवलं जाण्याची भीती असेपर्यंतच टिकतो. म्हणजे बॅग घेऊन पाठ फिरवून पळणाऱ्यावर मागून गोळी घालाल, तर तुम्ही बचाव करत नसून सूड उगवत असता, आणि पंचनाम्यात गोळी पाठीतून शिरल्याचं लिहिलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 2010 च्या दर्शन सिंग खटल्यात या हक्काची दहा तत्त्वं एकत्र सांगितली आहेत. न्यायालय माणसाच्या बाजूने बरंच उदार आहे. जीव धोक्यात असलेल्याने बचाव सोनाराच्या तराजूत तोलून करावा, अशी अपेक्षा कोर्ट ठेवत नाही. (वकिलांनी सोनाराचं तराजूच का आठवावं, कोण जाणे.)

यात एक गोष्ट मला चकित करून गेली. जीवघेण्या हल्ल्यात दुसऱ्या निरपराध माणसाला धोका पोचवल्याशिवाय बचाव करताच येत नसेल, तर तो धोका पत्करायचाही हक्क कायदा देतो. पूर्वीचं 106, आताचं 44 वं कलम. म्हणजे त्या रात्री मी झाडली असती आणि ती पिवळ्या फ्रॉकमधल्या पोरीला लागली असती, तर कदाचित मी सुटलोही असतो. वकील हे अगदी सहज म्हणाले. मी त्यांच्या केबिनमधून उठून बाहेरच्या नळावर तोंड धुऊन आलो. कोर्टातून सुटून मी राहणार होतो याच गावात, आणि ती पोरगी आता नववीत आहे. पेढीवर आईबरोबर कानातले बदलायला येते.

पिस्तूल बाळगणं म्हणजे माझ्या मते हे सगळं आधीच ठरवून ठेवणं. कशासाठी काढायचं, कशासाठी नाही. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की सोन्यासाठी काढायचं नाही. माझा किंवा माझ्या माणसाचा जीव जातोय आणि मागे हटायला जागा नाही, तेव्हाच. तुमचं वेगळं असेल, पण ते घरी शांतपणे चहा पिताना ठरलेलं असू द्या. त्या वेळी डोकं चालत नाही. फक्त हात चालतो, आणि हाताला जे शिकवलेलं असेल तेवढंच त्याला येतं.

आता कबुलीजबाब. 2012 ची गोष्ट. रोज रात्री घरी आल्यावर पिस्तूल रिकामं करून कपाटात ठेवायचं, हा माझा नेम. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढून चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या घरातलं, राउंड (काडतूस) बाहेर काढायचं, डोळ्याने बघायचं, करंगळीने चाचपायचं. त्या दिवशी मेव्हण्याचा फोन चालू होता. मी आधी स्लाइड ओढली. राउंड टपकन गादीवर पडलं. मग मॅगझिन काढलं. दोन्ही गोष्टी झाल्या, म्हणून माझ्या लेखी पिस्तूल रिकामं झालं. पण स्लाइड ओढताना मॅगझिन आत होतं, त्यामुळे एक राउंड बाहेर पडलं तसं खालचं दुसरं चेंबरमध्ये जाऊन बसलं होतं. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, उतरवायला म्हणून कपाटाकडे नळी करून मी चाप ओढला.

बंद खोलीत तो आवाज कसा असतो ते सांगता येत नाही. कपाटाच्या लाकडी दाराला भोक पडलं. आत आईच्या गोधड्यांची चवड होती. गोळी तिसऱ्या गोधडीत अडकली. आई शेजारच्या खोलीतून आली, कपाट उघडलं, गोधड्या एकेक करून जमिनीवर ठेवल्या आणि मला म्हणाली, “आज ह्या कपाटापुढं कुणी उभं नव्हतं म्हणून.” वाक्य तिने तिथेच सोडलं. मी खाली वाकून पुंगळी उचलली. गरम होती. बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरं, आपल्या खडकीच्या कारखान्याची खूण. सकाळी ती पुंगळी घेऊन पोलीस ठाण्यात गेलो आणि घडलं ते लिहून दिलं. तिथले अंमलदार म्हणाले, “शेठ, असं लिहून द्यायला कुणी येत नाही.” ते कौतुक होतं की काय, मला कळलं नाही. मला ते भीतीदायक वाटलं.

त्यानंतर मी शिकायला गेलो. परवाना मिळाला तेव्हा मला कुणी काही शिकवलंच नव्हतं. आता नव्या अर्जदाराला प्रशिक्षणाचा दाखला लागतो, पण दाखला आणि शिक्षण यांतला फरक आपल्या देशात कुणाला सांगायला नको. मला शिकवलं पोलिसांत बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या एका निवृत्त हवालदाराने. पहिल्या दिवशी मी पिस्तूल टेबलावर ठेवून म्हणालो, “रिकामं आहे, काका.” ते म्हणाले, “बत्तीस वर्षांत मी रिकामं पिस्तूल पाहिलेलं नाही.” तो पूर्ण आठवडा त्यांनी मला एकही गोळी झाडू दिली नाही. फक्त उचलायचं, बघायचं, चाचपायचं, ठेवायचं. बोट ट्रिगरवर न ठेवता नळीला समांतर ठेवायचं. मी वैतागलो होतो. आज वाटतं, सगळं शिक्षण त्या आठवड्यातच झालं. मागाहून जे नेमबाजीचं शिकलो ते वरचं कोंदण.

‘सेफ्टी लावलेली आहे’ म्हणणाऱ्या पुतण्याला माझं उत्तर हे आहे. खटका यंत्राचा भाग आहे आणि यंत्र बिघडतं. जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये तर घोड्याचं टोक थेट काडतुसावर टेकलेलं असतं आणि हातातून पडलं तरी बार उडू शकतो. म्हणून जुने लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचे, सहाच्या जागी पाचच भरायचे. 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे अभिनेते गोविंदा मुंबईत घरातून निघण्याच्या तयारीत असताना त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातातून पडलं आणि गोळी त्यांच्याच पायात गेली. लोकांनी त्यावर विनोद केले. मी केले नाहीत, कारण माझ्या घरातली तिसरी गोधडी मला माहीत आहे.

घराबद्दल आणखी बोलायला हवं, आणि हे बोलायला अवघड आहे. आपण शस्त्र बाहेरच्या चोरासाठी घेतो. ते चोवीस तासांतले वीस तास घरात असतं, रागाबरोबर, दारूबरोबर, भाऊबंदकीबरोबर, पोरांच्या निराशेबरोबर. 22 एप्रिल 2006 ला वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर सख्ख्या भावाने झाडलेल्या गोळ्या परवान्याच्याच पिस्तुलातल्या होत्या. 8 फेब्रुवारी 2024 ला दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांना फेसबुक लाइव्ह चालू असताना मारलं गेलं. मारणाऱ्याने स्वतःलाही संपवलं. त्याच्या नावावर परवाना नव्हता. पिस्तूल होतं त्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं. नंतर त्या अंगरक्षकाला शस्त्र अधिनियमाखाली अटक झाली. आपल्याकडे किती परवानाधारक मालकाच्या कपाटात आपलं शस्त्र ठेवून गावी जातात, ते तुम्हीच मोजा. किल्ली माझ्याकडे, मॅगझिन वेगळ्या कप्प्यात, राउंड तिसरीकडे, आणि घरात कुणाशी कडाक्याचं भांडण झालं तर दुसऱ्या दिवशी ते शस्त्र विक्रेत्याकडे जमा, असं मी करतो. एकदा केलंय. कुणाशी भांडण झालं होतं ते सांगत नाही. भांडण मिटलं, आठ दिवसांनी पावती दाखवून पिस्तूल परत आणलं.

बाकी बारीकसारीक. लग्नाला, हळदीला, निवडणुकीच्या सभेला जाताना पिस्तूल नेत नाही. जिथे एक घोट घ्यायची शक्यता आहे तिथेही नेत नाही. माझा परवाना महाराष्ट्रापुरता आहे, तेव्हा तिरुपतीला जाताना ते घरी कुलपात. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये कधीच नाही. भगिनींना एक विनंती. 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने पाचशे ग्रॅमचं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हा ते बायकांनी पर्समध्ये ठेवावं असा गाजावाजा झाला होता. पण आपल्याकडे चोर पहिला हात पर्सलाच घालतो. पर्स गेली की शस्त्रही गेलं, तेही त्याच्या हातात. बाळगायचं तर अंगावर.

2024 मध्ये दोन निवडणुका झाल्या आणि दोन्ही वेळा माझं पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा होतं. निवडणुकीत कुणाचं शस्त्र जमा करायचं ते ठरवणाऱ्या छाननी समितीकडे अर्ज केला असता तर कदाचित सूट मिळाली असती, मी केला नाही. तेवढे दिवस पेढी साडेसातला बंद केली, रोज घरी जायचा रस्ता बदलला, रोकड दुपारीच बँकेत भरली, गल्लीच्या तोंडावर चांगला दिवा आणि कॅमेरा लावून घेतला. आणि मनात आलं, हे पिस्तूल असताना का नाही केलं? त्याच्या भरवशावर मी उशिरापर्यंत बसत होतो, अंधारातून जात होतो. दोन्ही वेळा ते परत मिळालं, पण पेढी अजून साडेसातलाच बंद होते.

कचेरीतल्या साहेबांसाठी दोनच ओळी. दर नूतनीकरणाला माझे कागद तपासले जातात, पिस्तुलाचा नंबर ताडून बघतात. मी साठी ओलांडली, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला, डाव्या हाताला कंप सुरू झालाय. मला अजून कुणी तपासलेलं नाही.

आणि तुमच्यापैकी ज्यांनी परवाना शेजाऱ्याने काढला म्हणून काढला, निवडणुकीत वजन पडावं म्हणून काढला, किंवा वडिलांचा होता म्हणून ठेवलाय, त्यांना हात जोडून सांगतो. विकून टाका, जमा करा. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटचं या महिन्यातलं. माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे, पेढी आता तोच बघतो. नियमात आहे की धारकाचं वय सत्तर झालं किंवा पंचवीस वर्षं शस्त्र बाळगून झाली, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. माझी दोन्ही हिशेबांनी नऊ वर्षं बाकी आहेत, पण त्याने आत्ताच विषय काढला. गेल्या रविवारी मी साफसफाईसाठी पिस्तूल टेबलावर घेऊन बसलो होतो. शेजारी आईची ती तिसरी गोधडी होती. आई गेली, पण तिने इरकलीच्या तुकड्याचं लावलेलं ठिगळ अजून पक्कं आहे. मुलगा आला, समोर बसला, आणि म्हणाला, “रिकामं आहे ना?” माझ्या उत्तराची वाट न बघता त्याने हात पुढे केला.

मी पिस्तूल उचललं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. चहा घेतला. तो विषय पुन्हा निघालेला नाही.

आपला,
एक परवानाधारक सराफ